शिंगांपुरती चांदी

पांढरकवड्याला लोक जंगलातला वाघ बघायला येतात आणि जाताना माझ्या दुकानातून चांदीचा घेऊन जातात. पट्ट्यांवर काळा मिना, डोळ्यांत पुखराज. खरा दिसला नाही तर हा तरी. वाघ करून करून मी वाघाला पार विटलो होतो, म्हणून बैल घडवायला घेतला तेव्हा माझं मलाच बरं वाटलं.

बैल बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हट्टाचा. आम्ही बंजारे. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. सगळ्यांत पुढे चालणारा बैल देवाचा, त्याच्या पाठीवर ओझं टाकत नसत. तसा चांदीचा बैल घरच्याच चांदीतून करून फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यातल्या मंदिरात बसवायचा, असं बापूंनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

घरच्या चांदीत माझ्या धाकट्या बहिणीच्या, शीलाच्या घुगऱ्याही होत्या. आमच्यात लग्न झालेली बाई कानशिलांवर केसांत चांदीच्या घुगऱ्या अडकवते आणि नवरा गेला की त्या उतरवतात. शीलाचा नवरा विहिरीवरच्या मोटारीच्या शॉकनं वावरातच गेला. बापूंनी तिच्या घुगऱ्या आणून दिल्या आणि मी त्या वितळवल्या. देवाच्या कामी आल्या, याहून चांगलं काय, असंच मला वाटलं होतं.

बैल तयार झाला. डोळ्यांत माणिक बसले, गळ्यात फिरोजाची माळ आली. फक्त शिंगं राहिली होती आणि चांदी थोडी कमी पडत होती. त्या दुपारी बापू आणि याडी, म्हणजे आई, दुकानात आले. बापू बाकावर चहा पीत कोणाकोणाला निमंत्रण दिलं ते सांगत होते. शीलाला मात्र बैल बसवायच्या दिवशी घरातच थांबायला सांगितलंय, हेही त्यांनी सहज सांगून टाकलं. मूस भट्टीवर होती, चांदीचं पाणी झालं होतं.

याडी उठली. ओढणीखाली हात घालून तिनं दोन्ही कानशिलांवरच्या घुगऱ्या काढल्या आणि मुशीत टाकल्या.

मी चिमटा घातला, पण तोवर घुगऱ्या तुपासारख्या विरघळल्या होत्या. नवरा समोर बसलेला असताना बाईची उघडी कानशिलं मी जन्मात पाहिली नव्हती. तांड्यात कोणीच पाहिली नसतील. बापूंच्या हातातला कप कलंडून चहा धोतरावर सांडला, तरी त्यांना पत्ता नव्हता.

"मी मेलो काय?" बापूंनी विचारलं.

"तुमी जित्ते हा," याडी म्हणाली. "शीला बी जित्ती हाये."

मग ती बोलतच राहिली. शीलाला कोणी लग्नातल्या गाण्यांना बोलावत नाही, लोकांना आडवी जाऊ नये म्हणून पोरगी मागच्या दारानं ये-जा करते. हे सगळं तिनं घरी कितीदा सांगितलं होतं म्हणे, पण पालथ्या घड्यावर पाणी. पोरीचं कपाळ उघडं ठेवून मला नटायचं नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

बापू उठले तेव्हा मी घाबरलो. खरं सांगतो, ते तिच्यावर हात उचलतील असंच वाटलं. पण ते बैलापाशी गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"भारत, यातून शीलाची चांदी येगळी निघते काय?"

"नाही बापू. एकदा वितळली का कोनाची कोनती, समजत नाही."

त्यांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला.

"मंग फोड बैल," ते म्हणाले. "दोघींच्याई घुगऱ्या कर."

मंदिरात काय बसवायचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी आधी डोळ्यांतले माणिक काढले आणि मग छिन्नी लावली. बापू शेवटपर्यंत तिथेच उभे राहून बघत होते.