टोपीवाल्या अक्षराची बाधा

पंपघरातल्या फुंकरदादांची फुंकर शुक्रवारी दुपारी, खुद्द साहेबांच्या डोळ्यांदेखत, कायमची विझली. पण आपण असं धरून चालू की असलं काही झालंच नाही. कारण अजून अख्खं पंपघर नव्या ऑपरेटर बाईंच्या टेबलाभोवती हात जोडून उभं आहे.

पंप चालवण्याच्या सूचना संगणकाच्या काळ्या पडद्यावर उघडत. बाकीच्यांच्या नीट उघडत. बाई रुजू झाल्या आणि त्यांच्या पडद्यावर जिथे आडवी रेघ हवी, तिथे तीन चिन्हं उगवली: टोपी घातलेला इंग्रजी ए, युरो आणि मिटलेलं अवतरण.

फुंकरदादा म्हणजे मशीनखोलीतले सर्वांत जुने कर्मचारी, बिघाड फुंकरीने पळवणारे. चिन्हांचा अर्थ त्यांना लगेच लागला.

"टोपीवाले म्हणजे आपले वारलेले मोठे साहेब. युरो म्हणजे बाधा परदेशी आहे. आणि अवतरण मिटलंय, म्हणजे विषय संपला. बाईंचा पायगुण!"

"मोठे साहेब टोपी घालायचे?" बाईंनी विचारलं.

"वारल्यावर घालायला लागले असतील," भांडारपाल म्हणाला.

बदलीचा कागद साहेबांच्या हातात तयार होता. बदली लांब धरणावर, राहायला खोली नाही, आणि बाईंची लेक अजून अंगावर पिणारी. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेही पंपघरात.

"डोळे मिटा," दादा म्हणाले. सगळ्यांनी मिटले. साहेबांनी तर चष्माही काढला. दादांनी कीबोर्डावर टॉवेल टाकला, आत हात घातले, काहीतरी पुटपुटले आणि पडद्यावर फूऽऽऽ केलं. डोळे उघडून बघतात तो रेघा जागच्या जागी!

"उद्या परत येणार," दादांनी बजावलं. "बाई आहेत तोवर रोज येणार."

साहेबांनी पेन काढलं.

"साहेब, एक मिनिट." बाईंनी टॉवेल बाजूला केला आणि वरच्या बाणाची कळ दोन-तीनदा दाबली. ती दाबली की आधी दिलेले हुकूम एकेक करून पुन्हा दिसतात. दादांचा मंत्र प्रकट झाला: एक्सपोर्ट, लँग, यूटीएफ-८.

"ही फुंकर नव्हे, भाषेचं सेटिंग आहे. एक रेघ मशीन तीन तुकड्यांत साठवतं. या संगणकावरच्या माझ्या खात्याला जुनं सेटिंग दिलंय, त्यात एक तुकडा म्हणजे एक अक्षर. म्हणून एका रेघेची तीन भुतं. दादांचा हुकूम पडद्यावरची खिडकी बंद होईपर्यंतच टिकतो, म्हणून भुतं रोज हजर. माझं खातं उघडलं कुणी?"

सगळे दादांकडे बघायला लागले. बाईंच्या खुर्चीवर दादांच्या भाच्याचा डोळा होता, हेही सगळ्यांना एकदमच आठवलं.

"आपण काय, निमित्तमात्र," दादा म्हणाले.

बाईंनी तीच ओळ खात्याच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहिली, खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. न फुंकता रेघा आल्या.

"तरी एकदा फुंकून घ्यायचं का?" साहेबांनी हळूच विचारलं. कुणी फुंकलं नाही. तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही लेखी खुलासा द्या. बदली रद्द करतो."

बदली रद्द झाली. खुलाशाचा शेवट फायलीत आहे, तो असा:

"यंत्र बिघडल्यास माणसाचा पायगुण पाहू नये, यंत्राचे सेटिंग पाहावे. जो डोळे मिटायला सांगेल, त्याच्या हातांकडे पाहावे. सबब, प्रत्येक कर्मचाऱ्यास शंका घेण्यासाठी रोज अर्धा तास भरपगारी मंजूर करावा, ही नम्र विनंती."