माफीचा सराव

नवरा मोठा नट असला की घरात साधी माफीसुद्धा सरळ मागितली जात नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते.

मध्यंतरी पुरस्कार मिळाला म्हणून साहेबांनी टीव्हीवर मुलाखत दिली आणि लेकीचं लहानपणीचं तोतरेपण चव्हाट्यावर मांडलं. ती शब्दावर अडली की आपण तिला जवळ घेऊन "सावकाश बोल, मी थांबतो" असं कसं म्हणायचो, हे सांगताना डोळ्यांत पाणी आणलं. लोक हळहळले. लेकीच्या ऑफिसात तर जो तो तिच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. तिनं बापाशी अबोला धरला, दुसऱ्या गावी बदली मागून घेतली आणि आज ती निघाली होती.

आत जा, चुकलो म्हणा आणि गप्प बसा, असं मी सकाळपासून यांच्या कानीकपाळी ओरडत होते. पण साहेब आरशासमोर! एकदा चष्मा लावून, एकदा काढून. वर मलाच विचारतात, ती खिडकीकडे तोंड करून उभी असेल का? मी कपाळावर हात मारून घेतला.

खाली टॅक्सी येऊन उभी राहिली तेव्हा कुठे हे तिच्या खोलीत गेले. मी मागोमाग. बोलले मात्र सुरेख. हवा तिथे आवाज फुटला, डाव्या डोळ्यातून एकच थेंब ओघळला. यांची डावी बाजू कॅमेऱ्यात चांगली दिसते. लेकीनं बॅगेची चेन लावली.

"छान झालं, बाबा."

"खरंच?" यांचा चेहरा खुलला. "मध्ये थांबलो, ते जरा लांबलं का?"

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. लेक बॅग उचलून निघाली. तेव्हा यांच्या डोक्यात प्रकाश पडला. धावत जाऊन तिच्यापुढे उभे राहिले, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"मी... मी ते... मी..."

नाक वाहायला लागलं, त्याचंही भान नव्हतं. यांचं वाक्य अडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एवढा संताप झाला होता, तरी मी यांच्यासाठी रुमाल शोधायला लागले.

खाली हॉर्न वाजला. लेकीनं बॅग जमिनीवर ठेवली.

"सावकाश बोल, बाबा," ती म्हणाली. "मी थांबते."