चार अंशांचा फरक

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वस्थ बसवत नाही. हे बायकोने ओळखलं होतं, म्हणून तिने जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा त्याला देऊन टाकला होता. तिथे तो सोल्डरिंगचा धूर काढत बसायचा. "घर तेवढं पेटवू नका," एवढंच तिचं म्हणणं असायचं. आता तिला जाऊन आठ महिने झाले होते आणि कोपऱ्यावर धूळ होती.

लेकीच्या फोनने ती धूळ झटकली गेली. तिचं बाळ अठरा दिवसांचं होतं. "बाबा, आईच्या खोलीतली, तुम्ही केलेली तापमानाची डबी मला द्या. बाळाची खोली गार पडते की काय, कळत नाही."

"नवी करून देतो की."

"तीच द्या. आईच्या उशाशी होती ती."

पण नातवासाठी जुना सेन्सर लावायचा, हे काही त्याला पटेना. तो सुट्या भागांच्या दुकानात गेला. मालकीणबाई त्याला चांगली ओळखायची. तिने काउंटरवर तीन सेन्सर मांडले. निळा स्वस्तातला, पण एक-दीड अंश इकडेतिकडे. पांढरा अचूक, ओलावाही सांगणारा. तिसरा पोलादी टोपीतला, लांब वायरचा.

"आधीचा कुठला होता काका?"

"निळाच. बोर्डावरच सोल्डर केलेला."

"आणि डबी उघडी होती ना?"

"छे. धूळ जायला नको म्हणून चहूबाजूंनी सिलिकॉन भरलं होतं."

बाई हसली. "मग तो खोलीचं कसलं सांगतोय? शेजारचा बोर्ड तापतो, त्याचंच सांगत बसला असेल. पहिल्यांदा सगळेच ही चूक करतात."

त्याला हसू आलं नाही. त्याने पांढरा सेन्सर आणि वायर घेतली आणि घर गाठलं.

बायकोच्या खोलीत जुनी डबी चालू करून शेजारी नवा सेन्सर वायरीवर टांगला आणि तासभर खुर्चीत बसून राहिला. डबीत पंचवीस. वायरीवर एकवीस. कपाटातला काचेचा साधा थर्मामीटर काढला, तोही एकवीस. बिचाऱ्या निळ्या सेन्सरचा काही दोष नव्हता. दोष होता तो बसवणाऱ्याचा. आणि हा बसवणारा जन्मभर लिफ्टच्या मोटारींना हात लावून त्या किती तापल्यात ते सांगणारा.

तर झालं होतं असं. खोली उबदार ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून त्याने हीटरच डबीला जोडून टाकला. डबीत पंचवीस झाले की हीटर बंद. "अहो, थंडी वाजतेय," ती म्हणायची. "पंचवीस आहे, आकडा बघ," हा म्हणायचा. तिने दोन-दोन मोजे चढवले, तर "डोंगर चढायला निघालीस का?" म्हणून चेष्टा केली. वर लेकीला फोनवर डबीतल्या तापमानाचे आलेख पाठवले. लेकही आईला म्हणाली, "अगं, आजारपणात वाटतं तसं." मग एक दिवस ती थंडीबद्दल बोलायचीच बंद झाली. तिला पटलं, असं याने धरलं. त्या दिवशी तो मनात खूशही झाला होता.

ती थंडीने गेली नव्हती, दुखणंच जीवघेणं होतं. पण शेवटचे तीन महिने ती खरंच कुडकुडत होती आणि घरातल्या एकाही माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. ती हट्ट करत नव्हती. तो तिच्या पलंगावर टेकला, आणि मग त्याला तिथून उठवेना.

चार दिवसांनी तो डबी घेऊन लेकीकडे गेला. डबी जुनीच, सेन्सर मात्र वायरीवर बाहेर लोंबता. काय सांगायचं ते बसमध्ये घोकून ठेवलं होतं: हल्ली असंच बसवतात.

लेकीने वायर पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "ही बाहेर कशाला? उद्या बाळ ओढेल. आधी आत होता, तेव्हा आकडा बरोबरच यायचा की. आईच ऐकायची नाही."

घोकलेलं वाक्य त्याने सोडून दिलं.

"बरोबर यायचा नाही," तो म्हणाला. "चार अंश जास्त दाखवायचा. चूक माझी. तुझी आई खरं सांगत होती."

लेकीने वायर बोटाला गुंडाळली, सोडली. मग पाळण्याशी जाऊन तिने दुपट्यात हात घातला आणि बाळाचं पाऊल मुठीत धरलं.

"मी तिला फोनवर हसले होते, बाबा."

पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बसून त्याने बाळाचं दुसरं पाऊल हातात घेतलं. डबीवर आकडा आला होता. दोघांपैकी कोणी तिकडे पाहिलं नाही.

"गार आहे का गं?" त्याने विचारलं.

"थोडं," ती म्हणाली, आणि तो पांघरूण आणायला उठला.