मागे सरकणारी बाई

संध्याकाळी सहाला अपलोड बंद होणार होतं आणि पाचलाच माझा गेम तयार होता. पुण्यातल्या एका स्टुडिओने शिकाऊ लोकांकडून स्वतः बनवलेले गेम मागवले होते. आवडला तर नोकरी. वलवणच्या रिसॉर्टच्या काउंटरवर पाहुण्यांसमोर हसून हसून माझे गाल दुखायला लागले होते. ड्युटी संपवून औंढ्याला घरी यायचं आणि व्हिडिओ बघत गेम इंजिन शिकायचं, असे सात महिने काढले होते. ही नोकरी मला हवीच होती.

गेमचं नाव 'लावणी', म्हणजे भाताची. बाई चिखलात चालते, रोपं लावते, ओळ वाकडी झाली की गुण जातात.

आई शेतातून आली, तेव्हा कौतुकाच्या आशेने मी तिच्या हातात मोबाइल दिला. तिने जेमतेम दोन मिनिटं बघितलं.

"ही बाई पुढं का चालतीय?"

"मग कुठे चालणार?"

"मागं. लावणी करताना मागं मागं सरकायचं असतं. पुढं गेली तर लावलेलं तुडवंल की."

बाई स्वतःच लावलेल्या रोपांना अडखळते, यावर मी अकरा दिवस डोकं फोडलं होतं. इंजिनचीच खोड समजून शेवटी पाय रोपांतून आरपार जातील असं करून टाकलं होतं, वर स्वतःवर खूश झाले होते. शाळा, मग लोणावळ्याचं कॉलेज, मग रिसॉर्ट. लावणी मी एसटीच्या खिडकीतूनच बघितली होती. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"आई, हा गेम आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं की," म्हणत ती मोरीत पाय धुवायला गेली.

मी सगळं उलटं करायला घेतलं. बाई मागे सरकायला लागली, पण कॅमेरा भलतीकडेच बघत राहिला. तो वळवला, तर बाई मागचा बांध ओलांडून थेट खाली पडली. परत केलं, परत पडली. जुना गेम शेजारच्याच फाइलमध्ये होता, एक बटण दाबलं की अपलोड झाला असता. पाच पन्नासला मी त्यावर बोट ठेवलंही. दाबवलं नाही.

पाच चौपन्नला बाई बांधाला टेकून थांबली. मी अपलोड सुरू केलं आणि रेंजसाठी मोबाइल हातात उंच धरून दारात उभी राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. एकाहत्तर टक्के. चौऱ्याऐंशी. त्र्याण्णव.

मग पडद्यावर 'मुदत संपली' आलं.

"गेला का गं?" आईने विचारलं.

"नाही."

"आन् मगाचचा? तो तर तयार हुता."

"तो चुकीचा होता. तू बघितलास ना."

मला वाटलं, ती जवळ घेईल. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"एवढ्यासाठी नोकरी घालवलीस? तुला चिखलात उतराया लागू न्हाई म्हणून मी कंबर मोडून घेतली, कोमल. तितं बाई पुढं चालू दे न्हाईतर उडू दे, तू खुर्चीत बसली असतीस!"

ती पाठ फिरवून चुलीपुढे बसली.