मनोरीच्या पाण्यावरचा पिवळा बोया

मित्रांनो, मी मनोरीसमोरच्या समुद्रात तरंगणारा एक जुना पिवळा बोया आहे. वय विचारू नका, पोटाला चिकटलेल्या कालवांवरून ओळखा.

माझा जन्म अंधेरीतल्या एका कारखान्यात झाला. पोटात बॅटरी बसवली, डोक्यावर अँटेना लावली आणि काम सांगितलं: पाण्यावर हलकं राहायचं आणि पाणी किती उंच आहे ते खरंखरं कळवायचं. त्याचं असं आहे, आकाशातून जाणारा एक उपग्रह वरूनच समुद्राची उंची मोजतो. पण इतक्या लांबून मोजलेलं बरोबर की चूक, हे कोण सांगणार? मी! तो माझ्यावरून जातो त्या क्षणाची आम्हा दोघांची मापं ताडून पाहतात. समुद्र वर्षाला जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा चढतो, म्हणून इथे बारीकशी चूकही चालत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग कोण जाणे कसं, माझं माप उपग्रहाच्या मापापेक्षा खाली यायला लागलं. ऑफिसात ठरलं, बोया म्हातारा झाला. आणखी एकदा चुकला की भंगारात.

शेवटची तपासणी करायला इंजिनियर गंधाली आली, मनोरीच्या लवूकाकांच्या होडीतून. नेहमीप्रमाणे सकाळीच येणारा उपग्रह यायला थोडाच वेळ होता. जवळ येताच काकांनी सवयीने दोर टाकला आणि होडी माझ्या कडीला बांधली. गंधालीच्या मोबाईलवर माझा आकडा धपकन खाली आला.

"काका, हे काय करताय?"

"बांधतोय. नाय तर होडी जाईल वसईला!"

"रोज बांधता?"

"सकाळच्या चहाला, रोज. अगो, बोया असतो कशाला मग? आणि फुकट नाय हां. याची अँटेना पुसतो, वर बसणाऱ्या कावळ्यांना शिव्या देतो."

गंधालीने कपाळावर हात मारला आणि हसतच सुटली. "अहो, तुमची होडी याला खाली ओढतेय! तुमच्या चहापायी याची वाट लागली ना! सोडा आधी, नाही तर हा जाईल भंगारात."

मला तर इतके दिवस वाटत होतं, काका सोबतीला येतात!

"माझा दोस्त भंगारात?" काकांनी गाठ ओढली. भिजलेली गाठ सुटेना, तेव्हा सुरी काढून चांगला दोर कचकन कापला. मी उचकी लागल्यासारखा वर आलो. काकांनी होडी लांब नेली आणि तेवढ्यात उपग्रह वरून निघून गेला.

त्याचं माप हाती यायला काही दिवस लागले. गंधाली सांगायला स्वतः आली. "जुळलं, काका! राहतोय हा इथेच!"

आता काकांनी होडी बांधायला थोड्या अंतरावर नांगर टाकून स्वतःचं निळं पिंप तरंगत ठेवलंय. चहा पिता पिता तिथूनच ओरडतात, "काय रे, झकास ना?" मी डुलतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या मोजणाऱ्यांवर माया करा, पण जरा लांबून. आम्हाला हलकं राहू द्या. म्हणजे समुद्र किती चढला, हे तो तुमच्या उंबऱ्याशी येण्याआधीच आम्ही तुम्हाला सांगू.