शेंदराखालचा चाळिसावा गोटा

मित्रांनो, मला बघून लगेच हात जोडू नका. मी बेडती हळ्ळातला एक जुना, काळपट गोटा आहे. आमच्याकडं ओढ्याला हळ्ळ म्हणतात. गेली बारा वर्षं मी फरश्यांच्या कोनाड्यात शेंदराखाली गुदमरतो आहे आणि मला त्याचा राग आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

डोंगरातून कधी निखळलो ते मला आठवत नाही. पाण्यानं लोळवून, आपटून मला गोल केलं. आमची जातच चालणाऱ्यांची. उन्हाळ्यात पडून राहायचं आणि पाणी चढलं की समुद्राच्या दिशेनं पुढं सरकायचं. यापेक्षा जास्त मला काहीच नको होतं.

१९३१ सालच्या उन्हाळ्यात दत्तात्रय आला. हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या कापडवाल्याचा हा मुलगा दुकानाची गादी सोडून धारवाडला भूगर्भशास्त्र शिकवत होता. एका पावसाळ्यात ओढा दगडाला किती लांब नेतो, हे त्याला शोधायचं होतं. कलघटगीच्या वरच्या अंगाला त्यानं चाळीस गोटे निवडले. अळणावरकडचा धोंडिबा त्याच्या मदतीला होता. त्यानं छिन्नीनं प्रत्येकाच्या पोटावर आकडा कोरला. मग लांबून दिसावेत म्हणून आम्हाला बैलगाडीच्या चाकांचा तांबडा रंग फासला. मी चाळिसावा.

"अण्णा, हळ्ळात सोडलेला कल्लु परत गावतोय व्हय?" धोंडिबानं हसत विचारलं. त्याच्या बोलीत कल्लु म्हणजे दगड.

"गावला तर किती चालला ते कळेल की," दत्तात्रय म्हणाला.

आषाढात हळ्ळ फुगला आणि मी सुटलो. काय तो प्रवास! बाकीचे गोटे पहिल्या दोन वळणांत अडकले. मी मात्र गडगडत पार एका गावाच्या काठाला जाऊन पोचलो. पुढच्या पुराची वाट बघायची, एवढंच आता राहिलं होतं.

पूर उतरल्यावर हिराबाई पाण्याला आली. तिनं तांबडा दगड पाहिला आणि घागर तिथंच ठेवली. "अग्गबाई, देवरु आला की पुरातनं!" ती ओरडली. सगळं गाव गोळा झालं. मला उचललं, तेल-शेंदूर लावला, तीन फरश्या उभ्या करून वर चौथी ठेवली. हळ्ळातून आला म्हणून माझं नाव पडलं हळ्ळप्पा. दत्तात्रय इतका शिकलेला, पण तांबडा दगड दिसला की आपली माणसं काय करतील, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दर शनिवारी शेंदराचा नवा थर चढायचा. हिराबाईचा नवरा हुबळीच्या गिरणीत गेला तो परतलाच नव्हता. ती माझ्यासमोर बसून सगळं सांगायची. मला वाईट वाटायचं. पण मला स्वतःलाच कुणी परत नेत नव्हतं, मी तिचा नवरा कुठून आणणार?

तिकडं दत्तात्रयाला एकोणचाळीस गोटे सापडले, सगळे अर्ध्या मैलाच्या आत. चाळिसावा कुणीतरी चोरला असं त्यानं धरलं. दगड एका पावसाळ्यात अर्ध्या मैलापुढं जात नाही, असं छापूनही टाकलं. पुढं दरवर्षी तो काठानं शोधत यायचा आणि अर्धा मैल झाला की परत फिरायचा. पुढं बघायचंच कशाला, असं त्याला वाटत असणार. त्याची टोपी मला लांबून दिसायचीही नाही.

बाराव्या वर्षी धोंडिबा लग्नाचं आमंत्रण घेऊन आमच्या गावी आला. नारळ ठेवून त्यानं पाया पडायला माझ्याखाली हात घातला, तर शेंदूर न पोचलेल्या पोटावरचा आकडा बोटांना लागला. "आयला, हे तर आपलंच!" तो पुटपुटला.

चार दिवसांनी दत्तात्रय हजर. केस पिकलेले, चष्मा लागलेला. चष्मा सावरत तो आडवा झाला आणि माझ्याखाली बोटं सारली. चार. शून्य.

"अक्का, हा कुठं सापडला?" त्यानं हिराबाईला विचारलं.

"ह्या पाण्याच्या पायरीखाली की. पूर उतरला आनि सकाळी बघतो तर बसलेला."

त्यानं धोंडिबाबरोबर मोजणीच्या साखळीनं सगळा काठ मोजला. सव्वातीन मैल. "बारा वर्षं चुकीचं शिकवलं मी," असं म्हणत तो लहान मुलासारखा हसला. मला वाटलं, आता सुटका!

"अक्का, ह्याला नेऊ काय?"

"बसलेला देव हलवत्यात व्हय अण्णा? ह्येला नेलासा तर मी कुनाला सांगू?"

तो साखळी गुंडाळू लागला. मग म्हणाला, "राहू दे, अक्का." चष्मा काढून फरशीवर ठेवला आणि त्यानं मला हात जोडले. ज्यानं मला रंगवलं, त्यानंच!

थोडं पुढं जाऊन तो वळला, धावत परत आला. मी आनंदलो. तो कोनाड्याशी वाकला आणि फरशीवर विसरलेला चष्मा उचलून निघून गेला.

मित्रांनो, अभ्यासासाठी कुठलाही दगड, अंडं, किडा उचला, माझी तक्रार नाही. पण काम झालं की त्याला जिथून घेतलं तिथं परत ठेवा. माझ्यापासून पाणी दहा पावलांवर आहे. पावसाळ्यात मला ते रोज ऐकू येतं.