कमरेला साखळी, पोटात गाणं

मी ऐरण बोलतेय. हो, लोहाराचीच. जरा मोठ्यांदा बोलते, सांभाळून घ्या. जन्मभर हातोड्यांशीच गप्पा झाल्यात.

कुठल्याशा कारखान्यात लालबुंद पोलादातून मला घडवलं म्हणे. ते काही आठवत नाही. आपला जन्म कुणाला आठवतो? आठवतो तो माझा पहिला लोहार. शांत माणूस. तापल्या लोखंडावर दोन घाव घालायचा आणि तिसरा हलकेच माझ्या अंगावर, टिंग! जणू विचारायचा, बरी आहेस ना? मी अशी गायचे की दूधवाला सायकल थांबवून ऐकत राहायचा.

फक्त दुपारी त्याची सून दारात यायची. "मामंजी, बाळाचा आत्ताच डोळा लागलाय हो." मग तो माझ्या कमरेला जाड साखळी गुंडाळायचा. साखळी आली की माझा घसा बसलाच. नुसतं ठक, ठक. बाळ झोपायचं.

लोहार गेला. बाळ मोठं झालं, त्यानं चष्म्याचं दुकान काढलं. चष्म्याला ऐरण कशाला? माझ्या डोक्यावर कुंड्या आल्या, मग रंगाचे डबे, आणि शेवटी मी जुन्या सामानाच्या आवारात येऊन पडले.

आवारवाला मोठा हुशार. वस्तूकडे बघायचाच नाही, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायचा. तोंड फुललं की भाव चढला. जे खपत नाही ते भंगाराच्या ट्रकात, आणि ट्रक सरळ वितळवायच्या भट्टीवर. त्या दिवशी ट्रक फाटकाशी उभा होता. पुढचा नंबर माझा. मी गप्प, गार.

तेवढ्यात एक जोडपं आलं. नवरा लोहार, हे हातांवरूनच कळलं. बायको कुजबुजत होती, "तोंड सुतकी ठेवा. मागे भाता बघून नाचलात, आणि त्यानं भाव दुप्पट केला. ऐरण नाही म्हणून रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर अजून किती दिवस ठोकणार? घाव घातला की बेडकासारखा उडतो मेला."

गोणपाटाखाली मी दिसले आणि त्याचे डोळे असे चमकले! बायको भारी चलाख. जवळच पडलेली साखळी उचलून तिनं माझ्या कमरेला वेढा दिला, म्हणजे आवाज फुटायला नको. त्यानं खिशातली पोलादी गोळी माझ्या पाठीवर सोडली. गोळी उसळून थेट त्याच्या तळहातावर! माझी पाठ अजून जिवंत होती. तो नाच आवरत एका पायावर उभा राहून ओठ चावायला लागला.

"काय सापडलं, वहिनी?" आवारवाल्यानं लांबून हाक मारली.

"काही नाही हो, पाय दुखले," म्हणत ती मला झाकायला पटकन माझ्यावर बसली.

आणि आमचे लोहारदादा ओरडले, "अगं ऊठ! ऐरणीवर बसतं का कुणी?"

झालं! बायकोनं कपाळावर हात मारला. ज्या वस्तूवर नवरा बायकोला बसू देत नाही ती वस्तू साधी नसणार, हे आवारवाल्याला लगेच कळलं. तो हातोडा घेऊनच आला. मला तर गावंसं वाटत होतं, इतकी वर्षं तुंबलेलं सगळं! पण गायले तर भाव आभाळाला, यांना परवडणार नाही, आणि मी ट्रकात. मी साखळीला घट्ट मिठी मारली.

ठक.

त्यानं पुन्हा मारलं. ठक.

"फुटकी दिसतेय," तो हिरमुसला. "भंगाराच्या भावानं न्या."

"फुटकी?" बायकोनं नाक मुरडलं. "असू दे. कुंड्या ठेवायला नेतो. ती साखळी राहू द्या, उचलायला बरी."

हे दोघं, आवारवाला आणि ट्रकवाला, अशा चौघांनी मिळून मला हातगाडीवर चढवलं. कोपरा वळेपर्यंत आम्ही तिघंही, मी धरून, श्वास रोखून होतो. वळताच त्यानं साखळी ओढून काढली आणि हलकेच हातोडा मारला.

टिंऽऽऽग!

खिडक्या उघडल्या, कुत्री भुंकली, नवराबायको रस्त्यात हातगाडीभोवती फुगडी घालायला लागली. मागून आवारवाल्याचा आवाज आला, "अहो! साखळीचे पैसे राहिले!"

आता मी त्यांच्या भट्टीपाशी आहे. शेजारी बाळ झोपलं की कमरेला तीच साखळी येते. मी खुशाल गप्प बसते.

तुम्ही कधी जुन्या सामानात गेलात, तर कोपऱ्यातल्या गोणपाटाखाली एकदा वाकून बघा. कुणी मुकं दिसलं, तर आधी त्याची कंबर तपासा.